रिकाम्या पोटी

दादाचं खाणं म्हणजे घरादाराच्या चेष्टेचा विषय. डाएटवर आहे म्हणून जेवणावरून लवकर उठायचा आणि फ्रिजचं दार उघडून उभा राहायचा. विचारलं तर भरल्या तोंडानं म्हणणार, "काही नाही खाल्लं, शप्पथ!" आता अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार? त्याच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे ढापणीनंही ठेवला नाही.

ढापणी एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे रक्ताच्या थेंबावर लेझरचा प्रकाश टाकायचे आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढायचे. पोटात नळी न घालता आतड्याचा कॅन्सर ओळखायचा, यासाठी सगळा खटाटोप. मशीनला शिकवायला आजारी माणसांचं रक्त लागे, तसंच ठणठणीत माणसांचंही. ठणठणीत म्हटल्यावर तिला दादाच आठवला. "रिकाम्या पोटी ये हं, खाल्लं की आलेख बिघडतो," तिनं दहादा बजावलं.

दादाचा आलेख नेमका आजाऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसला. तिनं काच पुसली, नवा थेंब ठेवला. पुन्हा तेच. बिचारं मशीन कानीकपाळी ओरडत होतं, पण ऐकतंय कोण! तिनं सरळ फोन लावला.

"दादा, खरं सांग, काय चरून आलास?"

"अगं, पाण्याशिवाय काही नाही. शप्पथ!"

"तुझी शप्पथ माहितेय मला. माझा नमुना वाया घालवलास."

तो हसला, तीही हसली. "उपाशी नव्हता," असं साहेबांना सांगून तिनं नमुना बाद केला.

वर्ष उलटायच्या आत दादाला शौचातून रक्त जायला लागलं. नळी घालून तपासलं. गाठ मोठी होती, यकृतापर्यंत पोचली होती. ढापणीला तो बाद केलेला नमुना आठवला. तिला वहिनीच्या नजरेला नजर देववेना. त्यात वहिनी भेटायला येईल त्याला कौतुकानं सांगे, "आमच्या नणंदबाई याच रोगाचं मशीन बनवतात हो!" ढापणीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली. ढापणीनं खोलीचं दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

दादा म्हणाला, "म्हणजे तेव्हाच कळलं असतं?"

"मशीन अजून कच्चं आहे रे. पण मी तुला डॉक्टरांकडे तरी पाठवलं असतं. मी तुलाच खोटारडा ठरवलं..."

"कळलं असतं का, तेवढं सांग."

"हो."

बाहेर वहिनीचा आवाज आला. ती नर्सशी बोलत होती.

"डोळे पूस," दादा म्हणाला. "तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये. ती तुला जन्मात माफ करणार नाही."

"आणि तू?"

एरवी त्याला तिच्यावर धड पाच मिनिटं रागावता येत नसे. आता त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"मला नको विचारूस आत्ता."

वहिनी पिशवी घेऊन आत आली. "झोपले का हो?" तिनं हळूच विचारलं.

"हो," ढापणी म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय."