डावी कळ

तळहातावर मावेल एवढीच होती ती बंदुकीची कळ, पण हातात घेतल्याबरोबर मनगट खाली गेलं. लोखंड अजून कच्चं, करडं. घोड्याच्या मानेवर कानशीचे ओरखडे तसेच. ओलेटानं अंगठ्यानं घोडा मागे ओढला — एक टक्, मग जरा दमानं, खोलातून आल्यासारखी दुसरी टक् — आणि तिला उगाचच शाळेच्या बसच्या दाराचा दांडा आठवला. तोही असाच अर्ध्यावर एकदा अडायचा नि मग पुरा बसायचा, आणि तो बसला की मागची सगळी पोरं क्षणभर गप्प व्हायची... घोड्याच्या जबड्यात गारगोटी नव्हती. असती तर चाप ओढताच ती समोरच्या पोलादी पात्यावर घासली असती, ठिणग्या खालच्या चिमुकल्या वाटीतल्या रंजकेच्या दारूत पडल्या असत्या, भडका उडाला असता — डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. इथेच तू भितेस, असं डॉर्सी म्हणायचा. नवरा म्हणून नव्हे, ठासणीच्या बंदुकांच्या क्लबचा अध्यक्ष म्हणून.

"चाप दाबून बघा की," टेबलामागची ग्रेटा झूक म्हणाली. पेनसिल्व्हेनियात ती नि तिचा भाऊ असल्या कळी बनवायचं काम करत, आणि दर मार्चला गाडी भरून इथल्या बंदुकांच्या बाजारात येत.

"गारगोटीशिवाय घोडा पाडू नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"नवरा."

"बरोबर म्हणतो."

हेच तर. तो इथे नसतानाही बरोबर असतो. डॉर्सी पलीकडे बाहेरच्या गाडीवर सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या आणायला गेला होता, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत असणार — आमची ओलेटा स्वतःची बंदूक बनवतेय बरं का — अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला आनंद व्हावा नि जरा गंमतही वाटावी. तो वाईट माणूस नव्हता. विजेच्या खांबांवर जन्म काढलेला माणूस, चार बंदुका स्वतःच्या हातानं घडवलेला; आणि ऑक्टोबरात नेमबाजीच्या दिवशी तिची गोळी नेमाच्या फळीच्या आसपासही न गेल्यावर, "चला, ओलेटाची गोळी शेजारच्या काउंटीत शोधून येऊ," असं म्हणाला तेव्हा सगळे हसले होते, ती सगळ्यांत मोठ्यानं. दरवर्षीच हसायची. घरी येऊन बीन्सचं भांडं घासताना मात्र तिच्या तोंडून निघून गेलं होतं, मी माझी बंदूक करणार, आणि ते ऐकून तिची तीच दचकली होती.

"खोक्यातला तयार संच मागव," डॉर्सी तेव्हापासून सांगत होता. "एकाच घरचा माल. सगळं सगळ्यात बसतं. तू फक्त घासायचं नि तेल लावायचं."

"मग ती बंदूक कोणाची होणार?"

"तुझीच की."

"खोकेवाल्याची होणार."

यावर तो हसला होता आणि तिला हॅझर्डच्या या बाजाराला घेऊन आला होता, हेही खरं. हायस्कूलच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. बंदुकीच्या नळ्या, पितळेच्या पट्ट्या, दारू ठेवायची शिंगं, मेपलच्या जाड फळ्या. याच शाळेची बस तिनं पंचविसेक वर्षं चालवली होती, त्यामुळे निम्म्या विक्रेत्यांच्या पोरांची नावं तिला पाठ होती. कळ तिनं खाली ठेवली. ग्रेटा म्हणाली, ही उजव्या बाजूची, आज एवढी एकच उरलीय, तासाभरात या. तिनं मान हलवली, पण पाय आपोआप नळ्यांकडे वळले, कारण रात्रभर तिच्या डोक्यात नळीच होती.

नळीवाला एस्टिल नेपियर भिंतीला टेकून बसला होता. पांढऱ्या मिशा, मांडीवर कॉफीचा थर्मास.

"आधी नळी ठरवा, बाई," तो म्हणाला. "लोक लाकडाच्या प्रेमात पडून येतात. लाकूड देखणं असतंच. पण संसार नळीशी करायचा असतो."

तिनं पहिली उचलली. सरळ, अष्टकोनी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी जाड. डॉर्सीची आवडती जात. जड असते म्हणून स्थिर राहते. खांद्याशी धरली तर तोंड हळूहळू खाली कलायला लागलं, जत्रेत पेंगलेल्या पोरासारखं. दुसरी नळी मध्ये बारीक होत गेलेली आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली. हिला वजन नव्हतंच जणू. म्हणजे होतं, पण ते सगळं डाव्या तळव्यात येऊन बसलं होतं आणि बाकीची नळी हवेत पडून होती, आरामात... तिला हसू आलं. इतकी वर्षं ती डॉर्सीच्या बंदुकीनं नेम धरत होती, डॉर्सीच्या हातांच्या लांबीची, डॉर्सीच्या मानेच्या उंचीची बंदूक, आणि तिचं तोंड खाली जातं हा दोष आपल्या दंडांचा, अशी तिची खात्री होती.

"ही," ती म्हणाली.

"ही महाग वाटेल, घडवायलाही अवघड. हिच्यासाठी लाकूड वाकडंतिकडं कोरावं लागतं."

"कोरेन."

एस्टिलनं तिच्याकडे जरा नीट पाहिलं. "कळ कुठल्या बाजूची घेणार?"

"उजवी. मी उजवीच आहे."

"हात उजवा. डोळा?"

डोळ्याला कुठे बाजू असते, असं ती म्हणणार होती. त्यानं थर्मास बाजूला ठेवला, दोन्ही हात पुढे केले, अंगठे नि बोटं जुळवून मध्ये छोटं तिकोनी भोक केलं. "असं करा. दोन्ही डोळे उघडे. त्या बास्केटबॉलच्या कड्याकडे बघा भोकातून. आता कडं न सोडता हात हळूहळू तोंडाकडे आणा."

तिनं हात आणले. ते येऊन डाव्या डोळ्यावर टेकले.

"पुन्हा," एस्टिल म्हणाला.

पुन्हा डाव्यावरच. तिनं मुद्दाम उजवीकडे नेऊन पाहिले तर कडं भोकातून निसटलं, आणि तिथे नुसती विटांची भिंत राहिली.

ती हात तसेच तोंडासमोर धरून उभी राहिली. बसमध्ये नेहमी डावा आरसाच जास्त खरा वाटायचा... सुईत दोरा ओवताना मान वळायची ती... आणि फळीसमोर उभं राहिल्यावर, डॉर्सी मागून हळू, प्रेमानंच म्हणायचा — डावा मीट, घट्ट मीट, आता श्वास — आणि ती मिटायची, जिवाच्या आकांतानं मिटायची, आणि चाप सुटायच्या अगदी शेवटच्या क्षणाला तो डोळा आपण होऊन उघडायचा आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी खरोखरच उडाल्यासारखी बाजूला सरकायची. त्या उघडण्याला तिनं भीती म्हटलं होतं. डॉर्सीनंही, क्लबानंही. एकदाच, बर्फावर घसरून उजवा खांदा सुजला होता म्हणून तिनं गमतीत डाव्या खांद्याला बंदूक लावली होती, आणि फळीच्या ऐन मध्यावर भोक पडलं होतं. बक्षिसाचं हॅम घरी आणलं होतं. सगळे म्हणाले, काय नशीब आहे. तीही म्हणाली. म्हणजे तो डोळा बिचारा भ्याला नव्हताच कधी. त्याला नेम धरायचा होता, आणि मी त्याला दाबून धरत होते.

"नेमाचा डोळा डावा तुमचा. तरी म्हटलं," एस्टिल म्हणाला, "नळी उचलताना मान तिकडे का जाते."

डॉर्सी आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत तेलकट कागद होते आणि चेहऱ्यावर बातमी होती. "ग्रेटाला सांगून आलोय, ती शेवटची कळ कोणाला देऊ नको म्हणून. आणि हे काय, ही बारकी नळी कोणी काढली?"

"मी. आणि ती कळ मला नको. डावी हवी."

"अगं, तू उजवी आहेस."

"डोळा डावा आहे."

तो हसायला निघाला होता. ते तिला त्याच्या गालांवर दिसलं. मग त्यानं एस्टिलकडे पाहिलं, एस्टिलनं नुसती मान हलवली, आणि डॉर्सीचं हसू गालातच थांबलं. करंज्यांचे कागद त्यानं नळ्यांवर ठेवले, एस्टिलनं ते उचलून बाजूला केले.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला जे सांगत होतो..."

"हो."

"घट्ट मीट म्हणून."

"हो, डॉर्सी."

त्यानं तेलकट बोटं पँटला पुसली. मग म्हणाला, "ते हॅम तू खरंच जिंकली होतीस," इतक्या गंभीरपणे की तिला हसू आवरेना.

डावी कळ ग्रेटाकडे एकही नव्हती. मागणी असली तरच भाऊ बनवतो, ती म्हणाली, नाताळच्या आत हातात पडेल असं नाही. डॉर्सीनं घसा खाकरला. जुन्या काळी डावखुरे उजव्याच कळीवर भागवायचे. आज ही घेतली तर उद्यापासून काम सुरू. तो बरोबरच सांगत होता. ओलेटानं ती कळ पुन्हा उचलली. तयार होती, सुंदर होती, आणि डाव्या खांद्याला लावली की भडका आपल्याच तोंडाकडे उडवणारी होती. "मी थांबते," ती म्हणाली, आणि डॉर्सीनं पहिल्यांदाच पुढे काही सांगितलं नाही.

पिकअपमध्ये नळी दोघांच्या मधून मागच्या काचेपर्यंत आडवी पसरली होती. डॉर्सी डोंगरातल्या वळणांवर गाडी चालवता चालवता एकदा डावा डोळा मिटत होता, एकदा उजवा.

"रस्त्याकडे बघ."

"बघतोय. दोन रस्ते दिसतायत."

ती हसली, आणि हसता हसताच तिला आतून काहीतरी थंड लागलं. आता सबब उरली नव्हती. नळी आपल्या मापाची, लाकूड आपण कोरलेलं, कळ डावीकडे, डोळा उघडा — आणि तरीही गोळी कुठेतरी भलतीकडेच गेली तर? चुकणं किती ऊबदार होतं. सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि करंज्या खाऊन घरी यायचं. नाताळपर्यंत हेच येत राहणार, रात्री, लाकूड कोरताना, मध्येच... ती त्या थंडपणाकडे जरा वेळ बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की छातीत धडधडतंय ते तिला सोडून द्यायचं नाहीये. हे डॉर्सीनं सांगितलेलं भिणं नव्हतं. हे तिचं होतं, नवंकोरं. तिनं काच खाली केली. वारा आत आला, आणि तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवले.