कानामागची तेलग्रंथी

मी लाडोबाच्या कानामागची तेलग्रंथी बोलतेय. लाडोबा म्हणजे शिंपीकाकांचा कुत्रा. कानामागून आली नि तिखट झाली, असं मात्र मला म्हणू नका. मी त्याच्या जन्मापासून इथेच आहे.

एका केसाच्या मुळाशी माझं बिऱ्हाड. मी थेंबथेंब तेल गाळायचं, शेजारच्या घामग्रंथीने आपला वाटा घालायचा आणि त्याचा पातळ थर कातडीवर पसरायचा. रस्त्यावरून अंगावर आलेले कितीतरी जंतू त्या थरातच गारद होतात. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कौतुकही कुणी करत नाही.

काका मशीनवर बसले की लाडोबा त्यांच्या पायाशी झोपायचा. एकदा तो नेमका शिवून ठेवलेल्या पांढऱ्या झग्यावर झोपला. तेलकट डाग पडला. गिऱ्हाईक नको नको ते बोललं. शिंप्याच्या घरात तेलाचा डाग म्हणजे जन्माचा वैरी! काकूंनी डाग काढायचा कपड्यांचा साबण घेतला, आधी झगा घासला आणि मग लाडोबाला. त्या दिवसापासून रोज.

माझं सगळं तेल मोरीतून वाहून जाई. मी तरी किती गाळणार? कातडी कोरडी पडली, चिरा गेल्या, जंतूंचं फावलं. कानामागे पू झाला, वास येऊ लागला. वास येतो म्हणून काकू आणखी घासत. मला राग येईना, कारण हात मायेचेच होते.

शेवटी काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, याला माझ्या भावाकडे सोडून येऊ. गिऱ्हाईक दारातून परत जातंय."

"आधी डॉक्टरांना दाखवू," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कान उलटून पाहिला. साबणाचं नाव ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो काकू, हे तेल म्हणजे घाण नाही. जंतूंना तेच अडवतं. मलम देते, पण तो साबण बंद!"

काका हळूच म्हणाले, "मशीनला तेल घालायला कधी विसरलो नाही गं आपण. याचं मात्र काढत बसलो."

जखम भरली. काकूंनी चिंध्या भरून लाडोबाला गादी शिवली, मशीनच्या अगदी शेजारी. आता तो म्हातारा झालाय, मीही थकले. आंघोळ जरूर घाला, बाबांनो, पण आमच्यासाठी थोडं तेल राहू द्या.

गादीवर माझा डाग पडलाय. काकू त्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "असू दे."