लाथा खाऊन घट्ट झालेली बैठक

मी एक जुनी लोकरीची बैठक आहे. मित्रांनो, शाळा मी पाहिली नाही. पण नारिनच्या डोंगरात माझ्या तोडीची दुसरी दाखवा, मग बोला! सायराकुल म्हातारीने लोकर काठ्यांनी झोडपली, कढत पाणी ओतलं, बोरूच्या चटईत गुंडाळून गावच्या बायकांकडून तुडवून घेतली. इतक्या लाथा खाल्ल्या तेव्हा मी घट्ट झाले. कोपऱ्यांवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी शिवली, ती अजून उसवलेली नाही.

म्हातारीची सून कुंदुझ ख्रिस्ती झाली. पहाटे ती माझ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करी. लेक बेगायिम हिनेही देवाला ओळखावं, ही तिची एकच तळमळ. पण तळमळीला घाई फार. तिने पोरीला माझ्यावर बसवलं.

"'देव माझा मेंढपाळ' हे स्तोत्र पाठ झाल्याशिवाय उठायचं नाही."

"मेंढपाळ मेंढरांना असं पाठ करायला बसवतो का गं?"

"तोंड आवर!"

रोज हेच. पोरगी ओठ हलवी आणि नखाने माझे टाके कुरतडी. शेवटी एकदा मी मेंढ्यांच्या वाड्यात, लेंड्यांत पडलेली सापडले.

"मला नको ती बैठक, आणि नको तुझा देव," बेगायिम म्हणाली.

कुंदुझचा हात उठला.

म्हातारी चहा फुंकत बसली होती. चर्चची पायरी ती कधी चढली नाही. म्हणाली, "सूनबाई, लोकर तुडवली की बैठक होते. पोर तुडवली की उंबरा ओलांडून जाते."

हात खाली आला. कुंदुझने मला धुतलं, वाळवलं. दुसऱ्या सकाळी कोणालाही हाक न मारता तिने माझ्यावर गुडघे टेकले.

"बापा, लेकीला मी तुझं प्रेम सांगितलं आणि दाखवला माझा राग. क्षमा कर."

पांघरुणाखाली पोरगी जागी होती. उठली मात्र नाही. त्यानंतरही बरेच दिवस नाही. बर्फ पडलं, वितळलं, मेंढ्या व्यायल्या. मग एका सकाळी माझ्या कडेला लहान गुडघे टेकले.

"सरक की आई. सगळी बैठक तूच अडवलीस."

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, कसरीपासून जपा. पण लेकराला माझ्यावर बसवून निघून जाऊ नका. आधी आपले गुडघे टेका, आणि शेजारी थोडी जागा ठेवा.