सुतक आणि समुपदेशन कक्ष

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या परळच्या शाळेत पाटीपूजन असतं. मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, हॉलमध्ये पाट्या मांडतात, झेंडू वाहतात. निवृत्त झाले तरी मी अजून गणित शिकवायला जाते, आणि त्या दिवशी तर जातेच.

जिना चढून वर आले तर समुपदेशन कक्षाच्या काचेतून दर्शना दिसली. एकटीच. सहावीतली पोर. तिचे वडील त्याच आठवड्यात गेले होते. कॉटन ग्रीनच्या गोदामात टेम्पो रिकामा करताना छातीत कळ आली आणि तिथेच सगळं संपलं.

मी दार उघडलं. "इथे काय करतेस गं?"

"मॅडमनी बसवलंय. मला सुतक आहे ना. माझ्यामुळे सगळ्यांच्या पाट्या बाटतील."

"मग घरून आलीस कशाला?"

"घरी सगळे रडतात, बाई. वर्गात कोणी रडत नाही." मग ती चप्पल जमिनीवर घासत म्हणाली, "काका म्हणतात गावच्या शाळेत घालतो. मी नको नको म्हणत होते. आता हो म्हणणार."

या खोलीचं उद्घाटन जूनमध्ये झालं होतं. फीत कापली, पेढे वाटले, भिंतीवर चित्र लावलं: 'मनातलं बोला, आम्ही ऐकतोय.' त्याच चित्राखाली एका मुलीला कोंडून ठेवलं होतं. सदतीस वर्षं मी पोरांचे चुकलेले भागाकार शांतपणे तपासले. आज मात्र तडक हॉलकडे निघाले.

मुख्याध्यापिका दीपिका मॅडम हॉलच्या दाराशी होत्या.

"बाई, प्रेमानेच समजावलं तिला," त्या म्हणाल्या. "खाऊही दिला. पण देवाचं काम आहे. पालकांची तक्रार येते."

"कोणाची आली?"

"आली नाही. येऊ शकते. आणि तिच्या काकांना फोन करायला सांगितलंय ऑफिसला. घेऊन जातील."

"बाप गेलेली पोर आपल्या पायांनी शाळेत आली, आणि तुम्ही तिला परत पाठवताय? ते काका तिला गावीच नेतील, मॅडम."

"तुम्ही चिडू नका. गुरुवारी समुपदेशक येणार आहेत, तेव्हा बोलतील ना तिच्याशी."

"म्हणजे दुःख गुरुवारपर्यंत थांबवून ठेवायचं?"

मी तशीच परत फिरले आणि दर्शनाचा हात धरला. "चल. माझ्याबरोबर पहिल्या ओळीत बस."

तिने हात सोडवून घेतला. "नको बाई. सगळे बघतील."

बरोबर होतं तिचं. मला मॅडमना हरवायचं होतं, आणि त्यासाठी मी हिला सगळ्यांपुढे उभी करत होते. मी तिला तिथेच बसू दिलं आणि हॉलमधून तिच्या बाकावरच्या अपेक्षाला बोलावून आणलं. मॅडम मागोमाग आल्याच.

"इथे लपलीस होय!" अपेक्षा म्हणाली. "मला वाटलं कल्टी मारलीस. चल ना, माझ्या सरस्वतीचे पाय वाकडे आलेत."

"मला सुतक आहे."

"मग? मला पण होतं गेल्या वर्षी. आजी गेलेली. मी कोणाला सांगितलंच नाही."

"गेल्या वर्षी?" मॅडमचा आवाज चढला. "आरतीचं ताट तूच धरलं होतंस!"

"हो. नि प्रसाद पण मीच वाटला. तुम्ही दोनदा घेतला, मॅडम."

दर्शनाच्या नाकातून फुर्रकन हसू आलं. लगेच तिने तोंडावर हात ठेवला, चोरी पकडल्यासारखा. अपेक्षाने तिचं दप्तर उचललं, आणि मॅडम अडवायच्या आत दोघी हॉलमध्ये जाऊन शेवटच्या ओळीत बसल्या. कोणी वळून पाहिलं नाही. पाट्या जागच्या जागी होत्या.

मॅडमना मी ऑफिसात नेलं. "काकांना फोन लावा."

"पूजा झाल्यावर..."

"आत्ता. आणि स्पीकरवर."

पलीकडून रामदास काकांचा आवाज आला, थकलेला. "निघालोच मॅडम. करी रोडला आहे. पोरीची चूक झाली, माफ करा. आम्हीच तिला आवरायला हवं होतं. आता तिला गावीच घेऊन जातो, म्हणजे तुम्हाला पण त्रास नको."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन त्यांच्याच पुढे केला.

"रामदास दादा," त्या म्हणाल्या, "तिची चूक नाही. माझी झाली. तो फोन मीच करायला लावला होता. ती हॉलमध्ये मुलांबरोबर बसली आहे. उद्या सुट्टी आहे, परवा पाठवा. नंतरही पाठवा. तिचं नाव शाळेतून काढू नका."

काकांनी विचारलं, "तिथे रडली तर?"

"तर रडेल," मॅडम म्हणाल्या. "वर्गातच रडेल."

फोन ठेवताना त्यांना घाम फुटला होता. पाण्याचा जग माझ्या बाजूला होता. माझा राग अजून उतरला नव्हता; मी तो पुढे सरकवला नाही.