लांबची गल्ली आधी

चावीवाल्याच्या घरात एक गोष्ट तोंडातून काढायची नसते: आज पाणी आलं नाही. ठकूला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण माणसाची जीभ ती, घसरायची तेव्हा घसरतेच. सकाळी तिने अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, इन्सुलिनचं इंजेक्शन टोचलं, समोर नाश्त्याची ताटली ठेवली आणि कपबशा विसळायला आत गेली. नळ खोकला आणि गप्प बसला. "मेलं आज पाणीही आलं नाही," ती स्वतःशीच करवादली. बाहेर येऊन बघते तर खुर्ची रिकामी, ताटली जशीच्या तशी आणि दार सताड उघडं.

आता चावीवाला म्हणजे कुलपांचा नव्हे हं. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून गल्लीगल्लीला पाणी सोडतो, तो चावीवाला. अण्णांनी उभा जन्म तेच केलं. निवृत्त झाले आणि डोकं हळूहळू मागे मागे जायला लागलं. इतकं, की गेल्या वर्षापासून पोटच्या लेकीला 'बाई' म्हणत होते. ठकूने तेही सोसलं. पण आजची गोष्ट वेगळी होती. इंजेक्शन घेतलेला माणूस उपाशी राहिला की आधी घाम फुटतो, मग थरथर, मग तो आडवा होतो. वेळेवर तोंडात साखर पडली नाही तर उठतच नाही. डॉक्टरांनी हे तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

नवऱ्याने स्कूटर काढली. पाणी म्हटलं की टेकडीवरची टाकी, अण्णा तिथेच गेले असणार, असं म्हणून तो गेलाही. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन लावला आणि मग जिन्यात उभं राहून, म्हातारी माणसं कशी सांभाळावीत यावर चर्चा सुरू केली. बोलायला काय जातं यांचं! ठकूने साखरेचा डबा काखेत मारला, पायात सापडतील त्या चपला सरकवल्या आणि ती निघाली.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने अण्णांना पाहिलं होतं. हातातली काठी रस्त्यावर टेकवायची, तिचं वरचं टोक कानाला लावायचं आणि खालच्या पाइपातलं पाणी ऐकायचं, असं करत चालले होते म्हणाला. टेकडीकडे नव्हे, उलट खाली.

ठकू याच वस्तीत जन्मली, लग्न होऊनही इथेच राहिली, पण तिची वस्ती म्हणजे घर ते बसथांबा आणि बसथांबा ते घर. खालच्या गल्ल्यांत ती वर्षानुवर्षं फिरकली नव्हती. दोनदा वाट चुकली, स्वतःच्याच वस्तीत! एका भिंतीत सिमेंटने बुजवलेली नळाची जागा दिसली. खालचा दगड बादल्या टेकवून टेकवून खोलगट झालेला. एरवी थांबून पाहिलं असतं. आज तिला त्या दगडाचाही राग आला. अण्णांचं काही बरंवाईट झालं तर आपण जगायचं कसं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

बटणं आणि दोरे विकणारी एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने अण्णांना ओळखलं होतं. इथेच उभे राहून, तळं कुठे गेलं, असं विचारत होते म्हणे.

कुठलं तळं, ठकूने विचारलं.

"अगं, तू उभी आहेस तेच," म्हातारी म्हणाली.

ही बँक, हे गाड्यांचं दुकान, हा रस्ता, सगळं तळं बुजवून त्यावर उभं होतं. टेकडीवरची टाकी नंतरची. आधी पाणी तळ्याकाठच्या पंपावरून सुटायचं, आणि अण्णांची रीत एकच: लांबची गल्ली आधी. जवळच्यांनी आधी नळ उघडले तर लांबच्यांना थेंब मिळत नाही. "आणि तुमची जुनी खोली पंपाला खेटून," म्हातारी सांगत राहिली. "म्हणून तुमच्याकडे सगळ्यांत शेवटी. लोक नावं ठेवायचे त्याला, घरच्या पोरीला कोरडी ठेवतो म्हणून."

त्या खोलीमागची उंच भिंत ठकूला आठवली. भिंतीपलीकडे काय आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. पाणी उशिरा यायचं, ती बिनआंघोळीची शाळेत जायची आणि पोरी नाक दाबायच्या. बाप जगाला पाणी पाजतो आणि आपल्याला विसरतो, हे शल्य तिने आजवर जपलं होतं. पण आता रडायलाही सवड नव्हती. सगळ्यांत लांबची गल्ली कुठली, तिने विचारलं. पत्र्याची, म्हातारी म्हणाली. ती केव्हाच पाडली, तिथे आता गोदाम आहे. ठकू धावत सुटली.

गोदामामागे अण्णा जमिनीवर बसले होते. अंगातला सदरा घामाने भिजलेला. काठीने आणि नखांनी काँक्रीट उकरत होते, नखांतून रक्त आलं होतं. पहारेकऱ्याने रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती अजून आली नव्हती.

"अण्णा, मी ठकू."

"रांगेत उभ्या राहा, बाई. सगळ्याच खोळंबल्यात."

तिने साखर पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं. ड्युटीवर कोणाच्या हातचं घेत नाही म्हणाले. एका घरचा चहा प्यायला की त्या गल्लीला चावी अर्धा फेरा जास्त फिरते. तिने विनवलं, रागावली, शेवटी जबडा उघडायला गेली. म्हाताऱ्याने दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. मग तिने, पाणी आलं हो सगळीकडे, अशी थापही मारली. अण्णांनी काठी कानाला लावली; हात इतका थरथरत होता की ती कानावर ठरेना.

"खोटं बोलता. पाइप कोरडा आहे."

त्यांचे डोळे मिटायला लागले. ठकू त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. वर्षभर ती 'मी तुमची ठकू' म्हणून ऊर फोडत होती. आता तिने ते सोडून दिलं.

"माझं काही घेऊ नका," ती म्हणाली. "हा तुमच्या घरचा डबा आहे. ठकूने पाठवलाय."

अण्णांनी डोळे उघडले. डब्यात पाहिलं.

"नुसती साखर?"

"एवढंच होतं म्हणाली."

"शिजवायला पाणी नसेल तिच्याकडे. आमच्याकडे शेवटी जातं." त्यांनी डबा परत लोटला. "तिलाच न्या. उपाशी असेल पोर."

"तिने खाल्लंय."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. समोर बसून पोटभर खाल्लं तिने."

मग त्यांनी तोंड उघडलं, आणि ठकू परक्या बाईसारखी बापाला साखर भरवू लागली.