मिठाच्या पिशवीतले पंधरा तास

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालण्यात आले. पिशवीत माझ्याशेजारी बाटलीचे एक झाकण होते आणि झाकणात ओले मीठ. हेडीबाईंनी पिशवीचे तोंड घट्ट बंद केले, घड्याळाकडे पाहिले आणि त्या त्यांच्या धाकट्या भावाला, कॉर्नीला म्हणाल्या, "उद्या सकाळी बघू."

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. हवेतला ओलावा मोजणे हे माझे काम. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, पुढे आकड्यांची काच, मागून निघालेली हातभर काळी वायर आणि वायरीच्या टोकाला जाळीचे टोपण. ते टोपण म्हणजे माझे नाक. नाकाला जे जाणवते तो आकडा मी शंभरपैकी दाखवतो. मला दुसरे काही येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी हेडीबाईंनी मला मूस जॉ नावाच्या शहरातल्या एका दुकानातून घरी आणले, ते ऑल्गासाठी. ऑल्गा ही चार फूट लांबीची पाळीव अजगरीण. पूर्वी ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत असे. शाळा बंद पडली, तेव्हा कपाटे गेली, बाके गेली, ऑल्गाला मात्र कोणी नेईना. हेडीबाई त्या शाळेची बस चालवत. शेवटच्या फेरीला त्यांनी तिला उशीच्या अभ्र्यात घालून शेजारच्या सीटवर ठेवले आणि घरी आणले.

त्या पहिल्या दिवशीही मला असेच मिठाच्या पिशवीत घातले होते. बंद पिशवीत ओल्या मिठाजवळची हवा पंचाहत्तरवर येऊन थांबते. साप पाळणारी माणसे मीटरवर विश्वास टाकण्याआधी ही परीक्षा घेतात. मी चौऱ्याहत्तर दाखवले. हेडीबाईंनी माझ्या पाठीवर काळ्या शाईने 'एक कमी' असे लिहिले आणि म्हणाल्या, "रोज एकच कमी दाखवणार असलास तर माझी काही तक्रार नाही. माणसं एवढीसुद्धा नेमाची नसतात."

मला ऑल्गाच्या पेटीच्या काचेवर बाहेरून टांगले आणि मागच्या छिद्रातून नाक आत सोडले. हिवाळ्यात या गावात बाहेर उणे तीस असते आणि घर गरम ठेवणारी भट्टी अखंड चालते. खोलीतली हवा इतकी कोरडी होते, की ओठ फुटतात. तशा हवेत ऑल्गाची कात एकसंध उतरत नाही, तुकड्यांनी अडकते. डोळ्यांवरची पापुद्र्यासारखी कातही तशीच राहते. म्हणून पेटीत ओलावा साठच्या आसपास हवा.

हेडीबाईंचे काम चोख होते. रोज सकाळी पाण्याचे भांडे घासायचे. घाण दिसली, की तिच्याखालच्या भुशासकट उचलायची. महिन्यातून एकदा ऑल्गाला टबात ठेवून सगळा नारळाचा भुसा बदलायचा, पेटी व्हिनेगरच्या पाण्याने पुसायची आणि वास जाईपर्यंत वाळू द्यायची. आठवड्यातून दोनदा भुशाच्या कोपऱ्यांत पाणी ओतून हाताने तळापासून वरखाली करायचा. "नुसतं वरून फवारणं म्हणजे तोंडाला पावडर," त्या म्हणत. "तासाभरात उतरते."

हे कॉर्नी ऐकत असे. बायको वारल्यापासून तो याच घराच्या तळघरात राहत होता. तीस वर्षे तो धान्याच्या कोठारावर गव्हाचा ओलावा तपासायच्या कामावर होता. एका शेतकऱ्याने एकदा ट्रकभर ओल्या गव्हावर वीतभर सुका गहू पसरून आणला होता. ती गोष्ट मी त्याच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकली असेल. "मी काय केलं? बाही वर केली आणि हात घातला कोपरापर्यंत! वरचं सगळेच दाखवतात गं. खाली हात घालायला माणूस लागतो."

जानेवारीत हेडीबाईंच्या मुलीला दूरच्या हॅलिफॅक्स शहरात जुळे झाले. सव्वीस दिवसांसाठी त्या तिकडे निघाल्या.

"ऑल्गाचं नीट करशील ना रे?"

"ओलावा? मला शिकवतेस?" कॉर्नी हसला. "मी गहू नुसता चावून आकडा सांगायचो."

"हिला चावू नकोस म्हणजे झालं. रोज सकाळी सातला मीटरचा फोटो पाठव. फवारायच्या आधीचा हं. पावडर लावून काढलेला नको."

पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी त्याने घाण उचलायला काच सरकवली. ऑल्गा कात टाकायला आली होती. डोळे दुधाळ झाले होते. अशा वेळी तिला नीट दिसत नाही आणि ती बिचकते. कॉर्नीचा हात जवळ येताच तिने झेप घेतली. दात लागले नाहीत, पण तो मागे सरकून भिंतीवर आदळला. त्याने काच लावली आणि तो बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत उभा राहिला.

त्यानंतर त्याने पेटीत हात घातला नाही. काच चार बोटे सरकवून तो लांब नळीच्या झारीने भांड्यात पाणी ओतायचा आणि लगेच लावून घ्यायचा. चौथ्या दिवशी मी एकेचाळीस दाखवले. हेडीबाईंचा लगेच फोन आला.

"एकेचाळीस? कॉर्नी, तिचे डोळे दुधाळ झालेत का रे?"

"छे गं. भट्टी जरा जोरात होती. करतो आजच."

"भीती वाटत असेल तर शेजारच्या ॲग्नेसला बोलव. त्यात लाज कसली?"

"भीती? मला?"

पाचव्या दिवशी सकाळी पावणेसातला त्याने माझी वायर छिद्रातून मागे ओढली. कॉफीच्या एका कपात ओला कागद ठेवला, त्यात माझे नाक सोडले आणि वर बशी ठेवली. बशी किती सरकवली की किती आकडा येतो, हे त्याला दोन दिवसांत जमले. शेवटी कामात मुरलेला माणूस होता तो.

फोटोत फक्त माझी काच येत असे. मित्रांनो, मी खोटा आकडा दाखवला नाही. कपातला ओलावा त्रेसष्ट होता, मी बासष्ट दाखवले, नेहमीप्रमाणे एक कमी. पण कप फोटोत नव्हता. नऊ वर्षांचा माझा खरेपणा त्याने असा वापरून घेतला.

"बासष्ट!" हेडीबाईंचा आवाज खोलीभर घुमला. "अरे, माझ्यापेक्षा सरस निघालास की! इथे सगळ्यांना दाखवते मी, माझा भाऊ बघा म्हणून."

"त्यात काय एवढं," कॉर्नी म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

असे बावीस फोटो गेले. आत किती ओलावा आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. पाठीमागून फक्त ऐकू यायचे: ऑल्गा कोरड्या लाकडावर अंग घासत होती. आधी दिवसातून एकदोनदा, मग सारखी.

सव्विसाव्या दिवशी, शनिवारी, सकाळचा फोटो पाठवल्यावर त्याने कप धुऊन ठेवला, माझे नाक पुन्हा आत घातले आणि चार बोटांच्या फटीतून अर्धी बाटली फवारली. दुपारी तीनला हेडीबाई आल्या. कोट न काढता त्या पेटीपाशी बसल्या. मी सहासष्ट दाखवत होतो. ऑल्गाच्या अंगावर कातीच्या चिंध्या लोंबत होत्या. दोन्ही डोळ्यांवर कात तशीच होती. कोपऱ्यात घाण वाळून दगड झाली होती. ऑल्गाच्या श्वासाला बारीक शिट्टी येत होती.

हेडीबाईंनी बाही वर केली आणि भुशात हात घातला. वर बोटभर ओल होती. खाली धूळ.

"कॉर्नी, तुझा तो शेतकरी आठवतो का रे?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हे यंत्रच फसवं आहे गं. साठच्या वर दाखवायचं, म्हणून मी पाणी घातलं नाही. फेकून दे. नवा आणतो मी."

नऊ वर्षांत मला कोणी फसवे म्हटले नव्हते. पण त्याहून जास्त मला लागले ते पुढचे. हेडीबाईंनी मला हुकावरून काढले, माझ्या पाठीवरची शाई अंगठ्याने पुसून पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "बिघडलाही असेल. जुना झालाय." हे त्यांच्या मनातून आलेले होते. मी बिघडलेला निघालो, तर त्यांचा भाऊ खरा ठरणार होता. मी खोटा असावे, हीच त्यांची आशा होती.

मग मीठ आले.

मित्रांनो, घरात मुका जीव आणलात तर त्याचे भांडे रोज घासा, घाण रोज उचला, ओलावा तळापर्यंत राखा. आणि हात घालवत नसेल तर तसे सांगा. 'मला भीती वाटते' हे तीन शब्द ऐकून त्या घरात कोणी हसले नसते. ॲग्नेसबाईंचे दार वीस पावलांवर आहे.

रविवारी सकाळी सात वीसला हेडीबाईंनी पिशवी उजेडात धरली. मी चौऱ्याहत्तर दाखवत होतो, पहिल्या दिवसासारखेच एक कमी.

त्या खुर्चीत बसल्या. कोमट पाण्यात भिजवलेल्या टॉवेलात ठेवल्यावर ऑल्गाच्या डाव्या डोळ्यावरची कात संध्याकाळी निघाली होती. उजव्यावरची निघालेली नाही. शिट्टी थांबलेली नाही. डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिली आहे. खिडकीबाहेर कॉर्नीची गाडी नाही. इंजिन गरम ठेवणारी तिची वायर बर्फावर तशीच पडली आहे. तो कधी गेला, कुठे गेला, माहीत नाही.

हेडीबाईंनी पिशवी न उघडता मला टेबलावर ठेवले आणि शेजारी फोन ठेवला. फोनवर बासष्टचा फोटो उघडा आहे. आता आठ वाजायला आले आहेत. त्यांनी अजून कोणालाही फोन लावलेला नाही.