दुसऱ्या हाताची सही

हर्षालीच्या आवाजात काहीतरी खोट निघावी असं योगिनीला मनापासून वाटत होतं, आणि आपल्याला तसं वाटतंय हेही तिला पुरतं ठाऊक होतं.

आवाज म्हणजे हर्षालीच्या गळ्यातला नव्हे, कन्सोलमधला. गंगापूर रोडवर नवनाथचं मोबाइल-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या पोटमाळ्यावर दर रविवारी सकाळी हौशी मंडळी जमायची आणि हातात मावणाऱ्या जुन्या गेम कन्सोलवर स्वतःचे गेम लिहायची. सध्याचा गेम एसटीचा होता. बस नाशिकहून काढायची आणि घाटातून पेठला न्यायची, तीही पडद्याकडे न बघता. कारण हा गेम लताबाईंसाठी होता.

लताबाई जन्मापासून दृष्टिहीन. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर रेडिओ दुरुस्तीला घेऊन एकदा नवनाथकडे आल्या, वर चाललेली खटपट ऐकली आणि म्हणाल्या, "मला खेळता येईल असं करा की काहीतरी." तेव्हापासून दर रविवारी त्या रिक्षाने यायच्या.

वळण कुठे, थांबा कुठला, गाडीत कोण चढलं, हे सगळं कन्सोलने मराठीत बोलून सांगायचं होतं. प्रवाशांची नावं खेळणारा स्वतः टाइप करणार, म्हणून ती आधी रेकॉर्ड करून ठेवणं शक्य नव्हतं. लिहिलेल्या अक्षरांतून जागच्या जागी आवाज घडवायला हवा होता.

योगिनी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. दोन वर्षं खपून तिने असा आवाज घडवला होता. प्रत्येक स्वर मोजला, त्याचे तक्ते केले आणि त्या आकड्यांवरून लहरी उभ्या केल्या. त्यात कुणाही माणसाचा गळा नव्हता, याचा तिला अभिमान होता. मग दिवाळीनंतर हर्षाली आली. विमा कचेरीत नोकरी, वय सत्तावीस. तिने कपड्यांच्या कपाटात डोकं घालून स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, त्याचे हजारभर बारीक तुकडे पाडले आणि अक्षरांप्रमाणे ते एकमेकांना जोडणारा प्रोग्रॅम लिहिला. पाच महिन्यांत. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा नवनाथ हातातला चहा विसरला होता. योगिनीचा आवाज पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याने "वा" म्हणून चहा संपवला होता. हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात असायचं कारण नव्हतं.

"एका गाडीला दोन कंडक्टर नसतात," नवनाथने जाहीर करून टाकलं होतं. "येत्या रविवारी लतामावशींनी दोन्ही ऐकायचे. त्या म्हणतील तो ठेवायचा आणि गेम नेटवर चढवायचा."

त्याआधी एक रीत पाळायची होती. नवनाथच्या दुकानात दुरुस्त झालेली वस्तू दुसऱ्या कारागिराने तपासून रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नसे. तोच नियम त्याने पोटमाळ्यावर आणला होता. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने ओळ न ओळ वाचायचा आणि सही करायची. त्याला ते 'दुसऱ्या हाताची सही' म्हणत. या वेळी योगिनीचा प्रोग्रॅम हर्षालीकडे गेला आणि हर्षालीचा योगिनीकडे.

मंगळवारी संध्याकाळी हर्षालीचा फोन आला.

"योगिनीताई, बोलू का दोन मिनिटं? तुमच्या 'ओ'च्या तक्त्यात एक आकडा उलटा पडलाय बहुतेक. चारशे ऐंशी हवा ना? तिथे आठशे चाळीस आहे."

योगिनीने पाहिलं. होता. तिचा 'ओ' किंचित 'आ'कडे झुकतो हे तिला वर्षभर जाणवत होतं आणि वर्षभर ती कन्सोलच्या स्पीकरला बोल लावत होती.

"बरोबर आहे. थँक्स."

"अहो, थँक्स कसलं. आता कसला गोड वाटतोय बघा. मी इकडे बदलून ऐकला. तुमचं काम वाचताना ना ताई, मला आपलंच लिखाण शाळकरी वाटायला लागलं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण हर्षाली खरंच तसं म्हणत होती, आणि रात्रीची भाजी चिरताना योगिनीला तेच पुन्हा पुन्हा टोचत राहिलं.

बुधवारी ती हर्षालीचा प्रोग्रॅम वाचायला बसली. खोट चारशे बाराव्या ओळीपाशी होती. कन्सोलमध्ये आवाजासाठी दोन भांडी असल्यासारखी व्यवस्था असते. एक वाजून रिकामं होत असताना दुसरं भरायचं. हर्षालीने ते भरण्याचं काम चित्र काढण्याच्या कामाच्या मागे रांगेत लावलं होतं. बस रिकामी असेल तर चित्र झटपट निघतं आणि भांडं वेळेवर भरतं. बस भरली की वीस-पंचवीस माणसं काढता काढता उशीर होणार, आणि कन्सोल जुनंच भांडं पुन्हा वाजवणार. लॅपटॉपवर हे दिसलंच नसतं, कारण लॅपटॉप कन्सोलपेक्षा कितीतरी चपळ.

योगिनीने फोन हातात घेतला. हर्षालीचा नंबर काढला. मग तिच्या मनात आलं, लताबाई खेळताना सावळघाटाच्या पुढे सहसा जातच नाहीत. बस भरेल कशाला? फोन तिने पालथा ठेवला. शुक्रवारी दुकानावरून जाताना तिने रजिस्टरमध्ये तारीख घातली आणि नेहमीच्या सुबक अक्षरात सही केली.

रविवारी लताबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कन्सोल मांडीवर घेतला. आधी योगिनीचा आवाज. लताबाईंनी बस नेहमीसारखी सावळघाटापर्यंत नेली, एकही वळण न चुकता. आवाज कुठे अडला नाही, कुठे पुसट झाला नाही.

"समजतं," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ. आमच्या प्लांटमध्ये धोक्याची सूचना देणारं यंत्र होतं, ते असंच बोलायचं. त्याच्यावर कधी कुणी रागावलं नाही."

नवनाथ हसला. योगिनीही हसली, कारण हसायला हवं होतं.

मग हर्षालीचा. "म्हसरूळ," कन्सोल म्हणाला आणि लताबाईंची मान वर झाली.

"अगंबाई. ही पोरगी तर गाडीच्या दारातच उभी आहे."

त्या आज थांबेनात. सावळघाट मागे पडला. नवनाथने टाइप करून ठेवलेले प्रवासी चढत गेले: धोंडाबाई, मल्हारी, गोटीराम. प्रत्येक नावाला लताबाई "या, या" म्हणत होत्या. योगिनी पडद्यावरची माणसं मोजत होती. सतरा. एकोणीस. आता वळेल ही मागे, आता थांबेल.

"भि भि भि भि," कन्सोल म्हणाला. भिकन नावाचा प्रवासी चढायला आला होता. "डा डा वी डा."

बस दरीत गेली.

"लाइन तुटतेय," लताबाई म्हणाल्या.

हर्षालीने कन्सोल घेतला, पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले. "लॅपटॉपवर नीट चालत होतं हो. शंभर वेळा चालवलं मी."

नवनाथने सवयीने रजिस्टर उघडलं. वाचलं आणि अवघडून योगिनीकडे बघितलं. "मॅडम, तुमच्या नजरेतून सुटलं म्हणजे लयच अवघड जागी असणार."

"ताईंना कशाला बोलताय?" हर्षाली म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी आवाज नीट ठेवत होती. "मीच गुंता करून लिहिलंय. कुणालाही दिसलं नसतं ते."

गप्प राहिलं की झालं. योगिनीचा आवाज गेममध्ये जाणार होता. पण 'कुणालाही दिसलं नसतं' हे तिला गिळवेना. आपल्या डोळ्यांखालून एवढी ढोबळ चूक निसटली असं या तिघांनी उद्यापासून धरून चालायचं?

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

नवनाथने रजिस्टरवरून मान वर केली.

"बुधवारी. चारशे बाराव्या ओळीपाशी. बस भरली की आवाज तुटणार हे कळलं होतं मला."

"मग सही?" नवनाथने विचारलं.

"केली."

हर्षाली तिच्याकडे वळली. "पण मी तर तुम्हाला आदल्याच दिवशी फोन केला होता," ती हळूच म्हणाली. "तुमचा 'ओ'."

"हो. म्हणूनच."

हे उत्तर हर्षालीला समजलं की नाही कोण जाणे. लताबाईंना समजलं असावं. त्यांनी हाताने चाचपून टेबलावरचा कन्सोल शोधला आणि योगिनीच्या दिशेने ढकलला.

"सांगून झालं का बाई? मग दुरुस्त करा. मला पेठला जायचंय."

हर्षालीने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. योगिनीने भांडं भरण्याचं काम रांगेतून काढलं आणि कन्सोलच्या घड्याळाला बांधलं, म्हणजे ठोका पडला की चित्र अर्धवट सोडून आधी आवाज. अकरा ओळी. वीस मिनिटं लागली. हे आपण बुधवारी फोनवर सांगितलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, हा हिशेब तिचं डोकं न सांगता करून मोकळं झालं.

बस पुन्हा निघाली. सतरा, एकोणीस, चोवीस. "भिकन," कन्सोल खणखणीत म्हणाला. "डावीकडे वळण." घाटभर आवाज एकदाही तुटला नाही. लताबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते योगिनीचा आवाज ऐकताना कधीच आलं नव्हतं, आणि यापुढे येणार नव्हतं. तिने कान देऊन खोट शोधली. आवाजात मिळाली नाही. तरी ती शोधत राहिली.

"हाच ठेवा," पेठ आल्यावर लताबाई म्हणाल्या.

नवनाथ चहा सांगायला खाली गेला. हर्षाली टेबलापाशी आली. तिने 'ताई' म्हटलं नाही.

"आणखी काही दिसलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. गेम आज चढणार होता, आणि त्या चुका अशा होत्या की वर्षभर कुणाला सापडल्या नसत्या.

"दोन," योगिनी म्हणाली. "छोट्या आहेत."

हर्षालीने लॅपटॉप पुन्हा उघडला. मग दुसरी खुर्ची ओढली आणि मधे हातभर अंतर ठेवून बसली.

"दाखवा."